कोशातलं साल आणि गोठ्यातला शब्द

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. अठराव्या शतकातल्या, इंग्लंडच्या वायव्येकडच्या लँकशर परगण्यातल्या एका शेतकऱ्याच्या रोजनिशीचा तुम्ही मराठी अनुवाद करताय. सप्टेंबरातल्या एका नोंदीत त्याने आपली जनावरं 'फॉग'मध्ये सोडल्याचं लिहिलंय. तुम्ही "जनावरं धुक्यात सोडली" असं केलंत, पण ते तुमचं तुम्हालाच पटत नाही. 'शिपन' आणि 'मॅन्यूअर' या शब्दांपाशीही तुम्ही अडलात. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात प्रत्येक अर्थापुढे पहिल्या नोंदीचं साल असतं. ते साल म्हणजे शब्दाचा जन्म धरायचा का, आणि अनुवादकाला त्याचा उपयोग काय, हा तुमचा मूळ प्रश्न.

तुमची शंका बरोबर आहे, जनावरं धुक्यात सोडलेली नाहीत. पण ती कुठे सोडली हे नीट कळायला आधी त्या सालांचं बघावं लागेल.

माझी तीसेक वर्षं इंग्रजी-मराठी कोशकामात आणि शेतीच्या इतिहासावरचे ग्रंथ मराठीत आणण्यात गेली. त्यातून एक गोष्ट पक्की झाली: कोशातलं साल हे शब्द कागदावर सापडल्याचं असतं. तो बोलण्यात कधी आला, हे ते साल सांगत नाही. शहरी, छापील शब्दांच्या बाबतीत या दोन सालांत फार अंतर नसतं. शेतीच्या शब्दांत ते शेकडो वर्षांचं असू शकतं, कारण नांगर धरणारा लिहीत नव्हता आणि लिहिणारा नांगर धरत नव्हता.

हा कोश घडला कसा, ते एकदा डोळ्यांसमोर आणा. १८५७ साली लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत, म्हणजे भाषाभ्यासकांच्या संस्थेत, इंग्रजी कोशांमधल्या उणिवांची चर्चा सुरू झाली. त्यातून ठरलं की शब्दाचा नुसता अर्थ द्यायचा नाही, तो कुणी, कधी, कोणत्या वाक्यात वापरला याचे उतारे क्रमाने लावायचे. हजारो हौशी वाचक जुनी पुस्तकं वाचून कागदाच्या चिठ्ठ्या पाठवू लागले. चिठ्ठीच्या डाव्या कोपऱ्यात शब्द, त्याखाली साल, लेखक, ग्रंथ, पान, आणि मग तो शब्द असलेलं वाक्य. जेम्स मरे यांनी १८७९ पासून संपादन हाती घेतलं, पहिला भाग १८८४ मध्ये निघाला, मरे १९१५ मध्ये गेले आणि काम पुरं झालं १९२८ मध्ये. म्हणजे तुम्ही बघता ते साल एका चिठ्ठीवरचं साल आहे. उद्या कुणाला जुन्या कागदात त्याआधीचं वाक्य सापडलं, की ते बदलतं. कोशाची नवी आवृत्ती गेली वीसहून अधिक वर्षं संगणकावर तयार होते आहे आणि त्यात शेकडो शब्दांची सालं मागे सरकली आहेत.

योगायोग असा की त्याच १८५७ साली मुंबईत मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती छापून झाली. त्यात आपल्या शेतीचे शब्द किती बारकाईने टिपलेत ते बघून आजही मन भरून येतं. पण मोल्सवर्थने सालं दिली नाहीत, त्याचा तो हेतूच नव्हता. त्यामुळे आपल्याकडे शब्द आहेत, त्यांचं वय नाही.

आता इंग्रजीकडे. शेतीचे सर्वांत जुने शब्द आपल्यापर्यंत कुणाच्या हातून आले? बहुतेक मठांतल्या भिक्षूंच्या. इसवी सन १००० च्या सुमारास एल्फ्रिक नावाच्या भिक्षूने मठातल्या मुलांना लॅटिन बोलता यावं म्हणून एक संवाद लिहिला. गुरुजी एकेका व्यावसायिकाला त्याचं काम विचारतात आणि मुलं त्या त्या माणसाचं सोंग घेऊन उत्तर देतात. पुढे कुणीतरी एका हस्तलिखितात लॅटिन ओळींच्या वर बारीक अक्षरात इंग्रजी शब्द लिहिले. विद्यार्थ्याच्या सोयीसाठी केलेलं हे काम होतं, पण त्यामुळे नांगऱ्याचं अख्खं बोलणं जुन्या इंग्रजीत वाचलं.

तो नांगऱ्या सांगतो: फार कष्ट पडतात. पहाटे बैल हाकत रानात जातो, त्यांना नांगराला जुंपतो. कितीही कडाक्याची थंडी असो, मालकाच्या धाकाने घरी दडून राहायची सोय नाही. फाळ आणि पातं नांगराला बसवून रोज एक एकर किंवा त्याहून जास्त नांगरायचं. गुरुजी विचारतात, सोबतीला कुणी आहे का? तो म्हणतो, एक पोरगा आहे, पराणीने बैल हाकतो, आणि थंडीने नि ओरडून ओरडून त्याचा घसा बसलाय. शिवाय बैलांच्या गव्हाणीत वैरण टाकायची, त्यांना पाणी पाजायचं, शेण बाहेर काढायचं. गुरुजी हळहळतात, तेव्हा तो म्हणतो: होय, फार कष्ट आहेत, कारण मी स्वतंत्र नाही.

हा उतारा मी नव्या सहकाऱ्यांना पहिल्याच आठवड्यात वाचायला देतो. 'शेअर' म्हणजे फाळ, 'कोल्टर' म्हणजे फाळापुढचं उभं कापणारं पातं (आपल्या लाकडी नांगराला हे नसतं, म्हणून त्याला एका शब्दात मराठी नाव नाही), 'एकर', 'हे' म्हणजे वाळलं गवत, 'बिन' म्हणजे गव्हाण. सगळे आजही जिवंत. पण या उताऱ्यात नांगराला 'प्लाउ' म्हटलेलं नाही. तिथे शब्द आहे 'सुल्ह'. 'प्लाउ' इंग्रजी लिखाणात येतो तो ११०० च्या सुमारास, बहुधा नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांच्या 'प्लोग्र'वरून, आणि आरंभीच्या नोंदींत त्याचा अर्थ बऱ्याचदा अवजार असा नसून एका नांगराने कसता येईल तेवढी जमीन असा आहे. मग 'प्लाउ'ने जुन्या शब्दाला हुसकून लावलं. तरी 'सुल्ह' मेला नाही. नैऋत्य इंग्लंडच्या बोलींत, सॉमरसेट-डेव्हनकडे, तो 'झुल' होऊन विसाव्या शतकाजवळ पोचला. छापील इंग्रजीपुरतं पाहाल तर तो कधीच संपला असं वाटेल.

दुसरा स्रोत कारभाऱ्यांच्या याद्या. अकराव्या शतकातलं एक लहानसं लिखाण आहे, 'गेरेफा' नावाचं. जहागिरीवरच्या कारभाऱ्याने काय काय सांभाळावं याचं ते टिपण. ११०० च्या आसपासची त्याची प्रत केंब्रिजच्या कॉर्पस क्रिस्टी कॉलेजात आहे. कुऱ्हाड, करवत, फाळ, विळा, कोयता, तण काढायचा आकडा, फावडं, दाताळं, शिडी अशी यादी वाढत जाते. शेवटी लिहिणारा बजावतो की कारभाऱ्याने काहीच विसरू नये, अगदी उंदराचा सापळाही, आणि त्याहून क्षुल्लक म्हणजे कडीची खुंटीही. भाषेच्या अभ्यासकासाठी ही खुंटी लाखमोलाची आहे. असं टिपण लिहायची बुद्धी कुणाला झाली नसती, तर यातले किती शब्द आपल्या नजरेस आले असते?

आणि जे अशा यादीत आले नाहीत त्यांचं काय? इंग्लंडच्या उत्तरेत धान्याच्या कोठाराला 'लेद' म्हणतात, तुमच्या रोजनिशीत तो कदाचित येईल. शब्द नॉर्स आहे. ते लोक इंग्लंडच्या उत्तर-पूर्वेत नवव्या शतकात स्थायिक झाले. शब्द लिखाणात दिसतो तेराव्या शतकात. चौदाव्याच्या अखेरीस चॉसर या कवीने तो मुद्दाम उत्तरेकडच्या दोन विद्यार्थ्यांच्या तोंडी घातला, ऐकणाऱ्याला त्यांची बोली ओळखू यावी म्हणून. मधली तीन-चारशे वर्षं तो शब्द कोठारात ये-जा करणाऱ्यांच्या तोंडीच होता. उलट 'बार्न' या कोठाराच्याच दुसऱ्या शब्दाला लवकर शाई मिळाली. दहाव्या शतकात लिंडिसफार्नच्या लॅटिन शुभवर्तमानावर ऑल्ड्रेड नावाच्या धर्मगुरूने ओळीओळीत इंग्रजी अर्थ लिहिले, त्यात 'बेरे-एर्न' आहे: 'बेरे' म्हणजे जव, 'एर्न' म्हणजे घर. जवाचं घर. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवर जवाच्या जुन्या वाणाला अजून 'बेर'च म्हणतात.

आता तुमचा 'शिपन'. हा माझा आवडता शब्द, म्हणून जरा सविस्तर.

सातव्या शतकात व्हिटबीच्या मठात कॅडमन नावाचा एक गुराखी होता. मेजवानीत वीणा हातोहात फिरवायची आणि ज्याच्याकडे ती येईल त्याने गायचं, अशी रीत. कॅडमनला गाता येत नसे. वीणा जवळ येताना दिसली की तो उठून निघून जाई. एका रात्री असाच उठून तो गोठ्यात गेला, कारण त्या रात्री गुरं राखायची पाळी त्याची होती. तिथे झोपला असताना स्वप्नात कुणीतरी म्हणालं, गा. आणि तो गायला. इंग्रजीतल्या सर्वांत जुन्या कवींपैकी एकाची ही गोष्ट बीड नावाच्या भिक्षूने ७३१ मध्ये पुऱ्या केलेल्या लॅटिन इतिहासात आहे. नवव्या शतकाच्या अखेरीस त्या इतिहासाचं इंग्रजी भाषांतर झालं, तेव्हा 'गुरांच्या गोठ्यात' यासाठी भाषांतरकाराने लिहिलं 'नेआता स्किपेने'. 'नेआत' म्हणजे गुरं, आणि 'स्किपेन' हाच तुमचा 'शिपन'.

हजार वर्षं पुढे या. लीड्स विद्यापीठात हॅरॉल्ड ऑर्टन आणि झुरिकचे ऑयगेन डीट यांनी इंग्लंडच्या बोलींची पाहणी आखली. १९५० ते १९६१ या काळात पाहणी करणारे ३१३ ठिकाणी गेले. गावात जन्मलेले, गाव फारसं न सोडलेले, बहुतेक साठीपुढचे शेतकरी शोधायचे आणि त्यांना तेराशेहून अधिक प्रश्न विचारायचे. पहिलाच भाग शेताचा, दुसरा शेतकामाचा. नियम कडक होता: शब्द आपण उच्चारायचा नाही. वस्तू दाखवायची, चित्र काढायचं, काम सांगायचं आणि विचारायचं, "याला तुम्ही काय म्हणता?" गाई बांधायच्या जागेला कुणी 'बायर' म्हणालं, कुणी 'मिस्टल', कुणी साधं 'काउहाउस', आणि लँकशर-चेशरकडे आणि तिकडे दूर डेव्हनमध्ये उत्तर आलं 'शिपन'. कॅडमनच्या गोष्टीतला शब्द अकराशे वर्षं गोठ्यातच राहिला. मधल्या काळात राजधानीच्या भाषेने त्याची फारशी दखल घेतली नाही.

मराठीत 'गोठा' लिहा, बिनधास्त. तळटीप द्यायचीच असेल तर कॅडमनची द्या.

ही विचारायची पद्धत मी पुरंदर तालुक्यातल्या एका आजोबांकडे वापरून पाहिली होती. पाभरीच्या, म्हणजे पेरणीच्या अवजाराच्या, वरच्या वाडग्यावर हात ठेवून विचारलं, "बाबा, याला काय म्हणायचं?" ते म्हणाले, "चाडं." मग आपणहून एकेका भागाला हात लावत गेले: नळे, फण, आणि धरायचं ते रुमणं. मी आधीच "हे चाडं ना?" म्हटलं असतं तर त्यांनी मान हलवली असती आणि पुढचं काहीच कळलं नसतं. रोजनिशीतल्या शब्दालाही असंच विचारत जा. त्याचा अर्थ काय हे नंतर, आधी त्याचं काम काय ते बघा: तो कुठल्या महिन्यात येतो, कोणत्या जनावराबरोबर येतो, आदल्या दिवशी काय केलं होतं.

एकराचं एक सांगतो, कारण तो शब्द आपल्या सातबाराशी नातं ठेवून आहे. जुन्या इंग्रजीत 'एकेर' म्हणजे नुसतं शेत. जर्मन 'आकर', लॅटिन 'अगेर' आणि वेदांतला 'अज्र' ही सगळी एकाच घरची भावंडं. मग 'एका दिवसात बैलांनी नांगरून होईल तेवढं' असा अर्थ जमला (एल्फ्रिकचा नांगऱ्या आठवा) आणि १३०० च्या सुमारास मापाची व्याख्या ठरली. पट्टी लांबट, कारण आठ बैलांचा जड नांगर सारखा सारखा वळवणं जिकिरीचं. लांबी एका तासाची, म्हणजे न थांबता ओढलेल्या नांगररेघेची. 'फरो' म्हणजे तास आणि 'लाँग' म्हणजे लांब: 'फर्लांग'. आपल्या आजोबांच्या बोलण्यात "गाव दोन फर्लांगांवर आहे" असायचं, तो हाच शब्द. फर्लांग ६६० फूट, एकराची रुंदी ६६ फूट. ६६ फुटांची साखळी एडमंड गंटर या गणितज्ञाने १६२० मध्ये मोजणीसाठी सुचवली. मुंबई इलाख्याच्या जमीन-मोजणीत एकराचे चाळीस गुंठे धरले गेले, आणि गुंठा ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे बरोबर अर्धी साखळी गुणिले अर्धी साखळी. त्या जुन्या इंग्रजी पट्टीवर गुंठे मांडून बघा: लांबीत वीस, रुंदीत दोन. एकूण चाळीस. सातशे वर्षांपूर्वीचे इंग्रज बैल जिथे दमून वळत होते ते अंतर आपल्या गुंठ्यात मुरलेलं आहे.

जोखडाचंही असंच. इंग्रजी 'योक', संस्कृत 'युग' आणि आपलं 'जू' एकाच मुळाचे. इंग्रजीत शुल्काला 'फी' म्हणतात, त्याचं जुनं रूप 'फेओह' म्हणजे गुरंढोरं, आणि ते आपल्या 'पशु'चं चुलत भावंड. ('फी'च्या आजच्या रूपात फ्रेंचमधून आलेल्या शब्दाचाही हात आहे, पण मूळ तिथेच जातं.) उलट 'कॅटल' या शब्दात गुरं मुळात नव्हतीच. तेराव्या शतकात तो नॉर्मन फ्रेंचमधून आला तेव्हा त्याचा अर्थ होता मालमत्ता. गुरं हीच मालमत्ता असल्याने अर्थ हळूहळू गोठ्यात उतरला. आपण 'पशुधन' म्हणतो त्यात दोन्ही अर्थ शेजारी बसलेत.

इथे अनुवादकाला सालाचा खरा उपयोग कळतो. शब्दाच्या जन्मापेक्षा महत्त्वाचं असतं ते प्रत्येक अर्थाचं साल. शब्द तोच, पण तुमच्या लेखकाच्या काळात त्यात कोणता अर्थ वस्तीला होता?

'मॅन्यूअर' घ्या. हा शब्द मुळात 'हाताने काम करणं'. 'मनूव्हर' (डावपेचाची हालचाल) त्याचा सख्खा भाऊ. १४०० च्या सुमारास इंग्रजीत आला तो क्रियापद म्हणून, जमीन धारण करणं, कसणं या अर्थाने. शेणखत असा नाम म्हणून अर्थ सोळाव्या शतकाच्या मध्याचा. म्हणजे जुन्या दस्तऐवजात "अमक्याने जमीन मॅन्यूअर केली" असं आलं, तर त्याने खत घातलं असेलच असं नाही, त्याने ती कसली. 'कसणे' हा आपला शब्द तिथे चपखल बसतो. तुमचा लेखक अठराव्या शतकातला, त्यामुळे त्याच्याकडे ते खतच आहे. पण त्याने जमिनीच्या जुन्या कराराची नक्कल रोजनिशीत उतरवून ठेवली असेल तर तिथे सावध राहा.

'फार्मर'चा घोटाळा याहून मोठा, आणि आपल्याकडे तो छापून आलेला मी पाहिला आहे. 'फार्म' म्हणजे मुळात ठरावीक रक्कम, ठोक खंड. चौदाव्या शतकातला 'फार्मर' म्हणजे ठोक रक्कम भरून वसुलीचा हक्क घेणारा, आपल्या भाषेत मक्तेदार किंवा इजारदार. खंडाने घेतलेल्या जमिनीला 'फार्म' म्हणू लागले आणि ती कसणारा 'फार्मर' झाला तो सोळाव्या शतकाच्या अखेरीस. पण जुना अर्थ कारभाराच्या भाषेत टिकून राहिला. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातल्या महसुलाबद्दल लिहिताना इंग्रज अधिकारी 'फार्मर' आणि 'फार्मिंग' लिहितात तेव्हा ते मामलतीच्या मक्त्याबद्दल बोलत असतात. तिथे 'शेतकरी' लिहिलं की लुटणारा आणि लुटला जाणारा यांची अदलाबदल होते. इतिहासाशी यापरता अन्याय नाही.

माझ्याकडूनही अशी एक चूक झाली आहे. उमेदीच्या काळात इंग्लंडच्या १८१५ ते १८४६ च्या 'कॉर्न लॉज'वरच्या लेखात मी 'मक्याचे कायदे' लिहिलं आणि ते तसंच छापलं गेलं. 'कॉर्न' म्हणजे मका हा अमेरिकेतला अर्थ. इंग्लंडात 'कॉर्न' म्हणजे कुठलंही धान्य, आणि बोलणाऱ्याच्या मुलखात जे मुख्य पीक तेच. त्या कायद्यांत मुख्यतः गव्हाचा प्रश्न होता. एका वाचकाने पत्र लिहून दाखवून दिलं. तेव्हापासून ओळखीचा वाटणारा शब्द मी आधी तपासतो, अनोळखी नंतर. अनोळखी शब्द कोश उघडायला लावतोच. फसवतो तो ओळखीचा.

'हार्वेस्ट' हा तसाच. जुन्या इंग्रजीत तो ऋतूचं नाव, उन्हाळ्यानंतरचा. 'ऑटम' फ्रेंचमधून आला, 'फॉल' नंतरचा, आणि 'हार्वेस्ट' कापणीपुरता उरला. 'सुगी' म्हणताना आपल्याला काळही दिसतो आणि काढणीही, तसंच काहीसं तिथे होतं. 'ब्रॉडकास्ट' १७६७ च्या सुमारास नोंदला गेला तो मुठीने बी फोकून पेरण्यासाठी. रेडिओने तो १९२० नंतर घेतला. तुमच्या लेखकाने ओट्स 'ब्रॉडकास्ट' केले असतील तर ते फोकून पेरले, एवढंच.

अर्थ सांगणाऱ्या गोष्टींपासूनही जपायला हवं. 'थ्रेशोल्ड' म्हणजे उंबरा. घरात पसरलेला पेंढा बाहेर जाऊ नये म्हणून दाराशी लावलेली फळी, असा एक किस्सा सगळीकडे फिरतो. तो खरा नाही. शब्दाचा पहिला भाग मळणीच्या, तुडवण्याच्या शब्दाशी जोडतात, पण पेंढा अडवण्याची कहाणी मागाहून रचलेली आहे. 'ट्रॅक्टर' हा शब्द अमेरिकेतल्या आयोवातल्या हार्ट-पार कंपनीच्या विक्री-व्यवस्थापकाने १९०६-०७ मध्ये घडवला असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. त्यांनी तो रुळवला हे खरं, पण १८९० च्या एका अमेरिकी पेटंटात तो आधीच आहे. यंत्रयुगातल्या, छापखान्यांच्या आणि वर्तमानपत्रांच्या काळातल्या शब्दाचं साल जर असं मागे सरकतं, तर गुराख्याच्या तोंडच्या शब्दाचं काय सांगावं.

तुमच्या कामासाठी जवळ काय ठेवायचं तेही सांगतो. ऑक्सफर्डचा कोश हवाच, पण लँकशरच्या शेतकऱ्यासाठी जोसेफ राइटचा बोलीकोश जास्त कामाला येईल. सहा खंड, १८९८ ते १९०५. हा राइट यॉर्कशरचा. सहाव्या वर्षी दगडाच्या खाणीत गाढवाची गाडी हाकत होता, मग गिरणीत, आणि पंधराव्या वर्षापर्यंत त्याला वाचता येत नव्हतं. पुढे तो ऑक्सफर्डमध्ये भाषाशास्त्राचा प्राध्यापक झाला. गोठ्या-खळ्यातल्या शब्दांना त्याने जो मान दिला, तो त्या शब्दांत वाढलेला माणूसच देऊ शकतो. त्याच्या आधी १६७४ मध्ये वनस्पतीशास्त्रज्ञ जॉन रे यांनी प्रांतोप्रांतीच्या शब्दांचा संग्रह छापला, आणि १७८७-८८ मध्ये विल्यम मार्शल यांनी नॉरफक आणि यॉर्कशरच्या शेतीची वर्णनं लिहून मागे स्थानिक शब्दांच्या याद्या जोडल्या. मार्शल तुमच्या लेखकाच्याच काळातले, शिवाय स्वतः शेती केलेले. यॉर्कशरची यादी तुम्हाला शेजारच्या गावातल्या माणसासारखी मदत करेल.

मराठीसाठी सालवार उतारे देणारा इतका मोठा कोश अजून नाही, ही खंत मला रोज असते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ पासून संस्कृतचा असा कोश चालू आहे, त्याच चिठ्ठ्यांच्या पद्धतीने. जुन्या मराठीसाठी तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा १९९९ चा कोश आहे. पण चाडं, शिवळ, तिवडा, सरवा हे शब्द पहिल्यांदा कोणत्या कागदावर उमटले, ते शोधायला दप्तरांत बसणारी माणसं हवीत. तुमच्या हाताशी घरातली जुनी कागदपत्रं असतील तर त्यांतले असे शब्द तारखेसह वहीत उतरवून ठेवा. माझ्याकडे अशा चार वह्या आहेत.

आता 'फॉग'. लँकशर-यॉर्कशरच्या बोलीत 'फॉग' म्हणजे गवत कापून नेल्यावर त्याच रानात पुन्हा फुटून आलेलं गवत. लिखाणात हा अर्थ चौदाव्या शतकात सापडतो. धुकं हा अर्थ सोळाव्या शतकातला, म्हणजे शाईच्या हिशेबाने दीडेकशे वर्षांनी धाकटा. 'यॉर्कशर फॉग' नावाचं गवत अजूनही आहे. दक्षिणेकडे याच गवताला 'आफ्टरमॅथ' म्हणत: 'मॅथ' म्हणजे कापणी, 'आफ्टरमॅथ' म्हणजे कापणीनंतरचं. हा शब्द सोळाव्या शतकाच्या आरंभापासून शेतीच्या लिखाणात आहे, आणि सतराव्याच्या मध्यावर तो 'मागाहून होणारा परिणाम' अशा अर्थाने वापरला जाऊ लागला. आज वर्तमानपत्रांत भूकंप-युद्धांनंतर येतो तो तोच.

तुमच्या रोजनिशीत त्याआधी जुलैत गवतकापणीच्या नोंदी असणारच, त्या पुन्हा उघडून बघा. जुलैत कापलेलं कुरण सप्टेंबरात हिरवं होतं, आणि तुम्ही 'जनावरं' केलेला शब्द मुळात 'बीस्ट्स' असेल, तर त्या भागात त्याचा अर्थ गाईबैल. 'खोडवा' लिहायचा मोह होईल, मलाही झाला, पण तो आपल्याकडे उसाला आणि ज्वारीला म्हणतात, गवताला नाही. मी असं लिहीन: "कापल्या कुरणाला पुन्हा फुटवा आला होता, त्यात गुरं सोडली."

तुमच्या पत्रात या नोंदीखालची ओळ अर्धीच आहे. तिच्यात 'एडिश' असा शब्द दिसतो का ते पाहून कळवा. तोही या दुसऱ्या फुटव्याचाच शब्द आहे, आणि दोन्ही एकाच नोंदीत असतील तर तो शेतकरी दोन रानांत काहीतरी फरक करत होता. मग दोघांना मराठीत वेगळे शब्द द्यावे लागतील.